नाणेघाटातील भिंत आणि माझे एक जुने छायाचित्र

वाचकहो, मागील धाग्यात आपण जुन्नर परिसरातील दानलेख पाहिले. त्यात एका पोढीचा उल्लेख मी केवळ शब्दांत केला होता. छायाचित्र जोडले नव्हते आणि ठिकाणही सांगितले नव्हते. (पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. प्राकृत लेखांतील हा शब्द.) अनेकांनी कारण विचारले, तिघांनी तर थेट नकाशाचा दुवा मागितला. एका ओळीत उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून हा धागा. तो नाणेघाटाविषयी आहे, शिलालेखांच्या प्रती घेणाऱ्यांविषयी आहे आणि मी एकवीस वर्षांची असताना माझ्या हातून घडलेल्या एका गोष्टीविषयीही आहे.

आरंभ नाणेघाटापासून करते, कारण ती गोष्ट मला तेथेच नीट कळली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझी वर्गमैत्रीण कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणाऱ्या पहाटेच्या एसटीने निघालो. वैशाखरे गाव मागे पडल्यावर रस्त्याच्या कडेला नाणेघाटाची पाटी लागते, तेथे उतरलो. समोर नानाचा अंगठा उभा होता आणि त्याच्या माथ्याला नुकते ऊन लागत होते. माझ्या पाठीवर कॅमेरा, दोन भिंगे, ट्रायपॉड, तीन टॉर्च, एक मोठी काळी छत्री आणि मोजपट्टी असे सुमारे नऊ किलोंचे ओझे होते. मैत्रिणीच्या पाठीवर पाणी, भाकरी आणि माझ्याविषयीची तक्रार. छत्री कशासाठी, हे तिला वर पोहोचेपर्यंत सांगायचे नाही असे मी ठरवले होते. मार्चमध्ये पाऊस पडत नाही हे ती मला दर अर्ध्या तासाने सांगत राहिली.

पहिला टप्पा रानातून जातो. पानगळ झालेली, पायाखाली पाचोळा, त्याचा आवाज इतका की मागून कोणी येत आहे असे वाटत राहते. पुढे झाडी संपते आणि दगडी पायऱ्यांची वाट सुरू होते. पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झालेल्या आहेत. हा घाट चढताना एक गोष्ट विसरू नये: आपण ज्याला ट्रेक म्हणतो तो सातवाहनकाळातील हमरस्ता होता. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून निघालेला माल याच खिंडीतून जुन्नरला आणि तेथून पैठणकडे जात असे. आपण हौसेने घाम गाळतो. त्या काळी येथून चढणारा माणूस आणि जनावर दोघेही ओझ्याखाली होते.

अडीच तासांनी आम्ही खिंडीच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात पोहोचलो. मैत्रिणीने पाठपिशवी टाकली, भिंतीकडे पाहिले आणि म्हणाली, "एवढंच?"

तिचा दोष नाही. समोरून पाहिले तर नाणेघाटातील लेख खरोखरच फारसा दिसत नाही. खडबडीत काळा दगड, त्यावर ओरखडे, मध्येच काही वळणे. ज्याने ब्राह्मी लिपी पाहिलेली नाही त्याला अक्षर कोणते आणि दगडाची चीर कोणती हे कळणार नाही. त्यातच गेल्या कित्येक वर्षांत येऊन गेलेल्यांनी आपापली नावे आणि बदाम कोरून ठेवले आहेत. ती मात्र लगेच वाचता येतात.

तरीही ही भिंत महाराष्ट्राच्या इतिहासाच्या पहिल्या पानांपैकी एक आहे. डाव्या आणि उजव्या भिंतीवर मिळून सुमारे वीस ओळींचा प्राकृत लेख आहे. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. त्यानंतर राजा सातकर्णी आणि राणी नागनिका यांनी केलेल्या यज्ञांची यादी येते. त्यात राजसूय आहे, अश्वमेध आहे. प्रत्येक यज्ञाच्या पुढे दक्षिणेचा हिशेब: गाई, हत्ती, घोडे, कार्षापणे, वस्त्रे, चांदीची पात्रे. एका ठिकाणी १७०० गाई आणि १० हत्ती अशी नोंद येते. हे आकडे अक्षरांत नव्हे, अंकांत कोरले आहेत, आणि म्हणूनच गणिताच्या इतिहासकारांनाही ही भिंत महत्त्वाची वाटते. आपण आज लिहितो त्या अंकांच्या पूर्वजांची फार जुनी रूपे येथे एकत्र सापडतात. शून्य नाही, स्थानमूल्य नाही; शंभराला वेगळे चिन्ह, हजाराला वेगळे. काळ साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास धरतात, काही अभ्यासक तो आणखी मागे नेतात.

वर घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत असत आणि त्यावरूनच नाणेघाट हे नाव पडले, असे प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. परंपरा म्हणून ऐकायला हरकत नाही. पण रांजणावर तसे काही लिहिलेले नाही. भिंतीवर लिहिलेले मात्र कोणी वाचत नाही, याचे मला दरवेळी वाईट वाटते.

मागच्या भिंतीवर एके काळी पुतळे होते. राजघराण्यातील व्यक्तींचे, जवळजवळ माणसाच्या उंचीचे. प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरले होते: सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. नायनिका म्हणजेच आपली नागनिका. आज पुतळे नाहीत. पायांच्या खुणांपलीकडे काही उरलेले नाही. नावे आहेत, खाली माणसे नाहीत. नागनिका कशी दिसत होती हे आपल्याला कधीच कळणार नाही. पण ती महिना-महिना उपवास करणारी, घरात राहूनही तपस्विनीसारखी जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी होती, हे लेखात राहिले. प्रतिमा गेली आणि वर्णन उरले.

आता छत्रीविषयी.

उठावाच्या किंवा खोदकामाच्या पृष्ठभागावर समोरून प्रकाश टाकला, की सावल्या नाहीशा होतात आणि अक्षरे सपाट होतात. मोबाइलचा फ्लॅश नेमके हेच करतो. शिलालेख वाचायचा असेल तर प्रकाश भिंतीला जवळजवळ चिकटून, एका बाजूने, तिरपा यावा लागतो. मग प्रत्येक रेघेच्या एका काठावर सावली पडते आणि अक्षर दगडातून उठून दिसते. पण लेण्याचे तोंड उघडे असल्याने समोरचा दिवसाचा उजेड ही सावली पुसून टाकतो. तो अडवण्यासाठी काळी छत्री. मैत्रीण छत्री धरून उभी राहिली, मी टॉर्च भिंतीपासून हातभर दूर पण तिच्या पातळीत ठेवला, ट्रायपॉडवरील कॅमेऱ्याचा शटर चार सेकंद उघडा ठेवला. (संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावण्यासाठी परवानगी लागते, आम्ही ती विभागामार्फत लेखी घेतली होती. भिंतीला हात लावायचा नाही, खडू तर मुळीच फिरवायचा नाही.) पहिले चित्र पडद्यावर आले तेव्हा मैत्रीण छत्री तशीच टाकून धावत आली. ओळीच्या ओळी दिसत होत्या. "हे इथंच होतं?" असे तिने विचारले. येथेच होते. सोबतची पहिली दोन छायाचित्रे एकाच जागेची आहेत, एक समोरच्या उजेडात आणि एक तिरप्या. आपणच तुलना करावी.

आम्ही दोन दिवस काम केले. दोन दिवसांत एकोणचाळीस चित्रे. डिजिटल कॅमेऱ्याच्या काळात ही संख्या हास्यास्पद आहे. आमचे मार्गदर्शक सर नेहमी म्हणतात, "आधी वाचा, मग काढा." प्रत्येक चौकटीपूर्वी छापील वाचन समोर धरून ती ओळ भिंतीवर बोटाने, म्हणजे हवेतच, शोधायची. सापडली की मगच शटर. पूर्वी हे मला सरांचे जुनाट वेड वाटे.

त्या दोन दिवसांत माझ्या मनात सतत भगवानलाल इंद्रजी होते. जुनागडचा हा मुलगा (जन्म १८३९) प्रिन्सेपने सिद्ध केलेला ब्राह्मी अक्षरांचा तक्ता हाती घेऊन गिरनारचा लेख स्वतःच वाचायला शिकला. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यास मुंबईला बोलावले आणि देशभर लेखांच्या प्रती घेण्यास पाठवले. नाणेघाटातील अंकांवरील त्यांचे टिपण १८७६ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आले. नंतर १८८३ मध्ये ब्यूलर यांनी संपूर्ण लेखाचे वाचन पश्चिम भारताच्या पुरातत्त्व अहवालात प्रसिद्ध केले. आजही आपण जे वाचतो ते बहुतांशी या माणसांच्या खांद्यावर उभे राहून.

ही प्रत घेण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. भिंत स्वच्छ करायची, ओला कागद तिच्यावर पसरायचा आणि ब्रशने हळूहळू ठोकत तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा. किंचित वाळला की शाईचा बोळा वरून फिरवायचा. पृष्ठभाग काळा होतो, खाचांत शाई पोहोचत नाही, म्हणून अक्षरे पांढरी उमटतात. यास ठसा म्हणतात. ठसा घेणारा भिंतीशी तासन्‌तास नाक लावून बसतो. कागद फाटला की पुन्हा पहिल्यापासून. घाटातील वाऱ्यात हे काम कसे होत असेल याचा विचार केला की माझे छत्री-प्रकरण बालिश वाटू लागते.

छायाचित्रण आले तेव्हाही ते आजच्यासारखे सोपे नव्हते. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या एतद्देशीय सभासदांपैकी. त्याच सुमारास कंपनी सरकारच्या ध्यानात आले की प्राचीन वास्तूंची नोंद चित्रकारांकडून करून घेण्यापेक्षा कॅमेऱ्याने करणे स्वस्त आणि अचूक पडेल. हेतू हिशेबी होता, परिणाम आपल्या उपयोगी पडला. परंतु त्या काळची ओल्या कलोडियनची पद्धत म्हणजे चालती प्रयोगशाळा. काचेवर चिकट द्राव ओतायचा, चांदीच्या क्षारात बुडवायचा, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि वाळण्यापूर्वी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायची. काचा, बाटल्या, तंबू, पाणी, तिवई हे सर्व डोंगरावर न्यायचे. सॅम्युअल बोर्न हा छायाचित्रकार १८६३ मध्ये सिमल्याहून हिमालयात निघाला तेव्हा त्याच्यासोबत सुमारे तीस हमाल होते. १८६६ मध्ये त्याने मणिरंग खिंडीत १८,६०० फुटांवर चित्रे काढली. या पराक्रमाचे कौतुक सगळीकडे वाचायला मिळते. हमाल काम टाकून पळाले तेव्हा आपण काठी चालवली, हेही त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. ते फारसे कोणी उद्धृत करीत नाही. त्या स्वच्छ, शांत हिमशिखरांच्या चित्रांत एकाही हमालाचे नाव नाही.

आणि मेजर रॉबर्ट गिल. १८४४ पासून हा अधिकारी अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या तैलप्रती करीत होता. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या, १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळून गेल्या. पुढे जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रती केल्या. त्यांतीलही पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या. वर्षानुवर्षांची रंगकला दोनदा भस्म झाली. मात्र गिलने मधल्या काळात कॅमेरा हाती घेतला होता, आणि त्याने काढलेली ७४ छायाचित्रे फर्ग्युसनच्या १८६४ च्या लेण्यांवरील ग्रंथात छापली गेली होती. ती राहिली. लोक गिलची गोष्ट प्रेमकथा म्हणून सांगतात. मला ती प्रतींची गोष्ट वाटते: कोणती प्रत टिकेल हे करणाऱ्याला कधीच माहीत नसते.

येथपर्यंत सर्व ठीक आहे. आता माझ्याविषयी.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना मी जुन्नर परिसरात एकटीने भटकत होते. तेथील लेण्यांची संख्या दोनशेहून अधिक आहे. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी ही नावे सर्वांना ठाऊक असतात, पण त्यांच्या पलीकडे कित्येक लहान खोदकामे डोंगराच्या कुशीत पडून आहेत. अशाच एका ठिकाणी, निवडुंग बाजूला सारत, मला ती पोढी सापडली. सापडली हा शब्द खोटा आहे. गावातील गुराखी तेथे रोज पाणी पीत होते आणि एका जुन्या सूचीत तिची एका ओळीची नोंदही होती. पण मला सापडली असे मला वाटले. टाक्याच्या वर दोन ओळींचा लेख होता. अमुकाचे देयधर्म, म्हणजे दान, पोढी. त्या काळी मला शब्द वाचता येत नव्हते, फक्त अक्षरे आहेत एवढे कळत होते. संध्याकाळचे ऊन योगायोगाने तिरपे येत होते आणि अक्षरे सोन्यासारखी उजळली होती. मी एक चित्र काढले. खरोखर एकच, कारण बॅटरी संपली.

ते मी त्याच रात्री माझ्या पानावर टाकले. वर लिहिले की कोणालाही ठाऊक नसलेला सातवाहनकालीन ठेवा. खाली नकाशाचा अचूक दुवा दिला, गाडी कोठे लावावी हेही सांगितले. चार दिवसांत अकरा हजार पसंती आल्या. तोपर्यंत माझ्या कुठल्याही चित्राला दोनशेच्या वर आल्या नव्हत्या. मी त्या चार दिवसांत किती वेळा मोबाइल पाहिला हे आज लिहायला लाज वाटते. भटकंतीच्या निरनिराळ्या पानांनी ते चित्र उचलले, काहींनी माझे नाव न देता उचलले, आणि मी त्यांच्याशी नावावरून भांडले. हा तपशील मुद्दाम सांगते. मला चिंता नावाची होती.

पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर मी परत गेले. निवडुंग तोडलेला होता, वाट रुळली होती. टाक्यात बाटल्या आणि वेफर्सची पाकिटे तरंगत होती. लेखाच्या पहिल्या ओळीच्या शेवटी कोणीतरी तैलरंगाने दोन नावे आणि तारीख लिहिली होती. दुसऱ्या ओळीवर टोकदार वस्तूने नाव कोरले होते. कोरताना त्याला आधीच्या रेघांचा उपयोग झाला असावा. त्याच्या नावाचा एक काना दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका अक्षराचा दंड होता.

शेजारी एक म्हातारे गुराखी बसले होते. मी विचारले, "बाबा, हे कधी झालं?" ते म्हणाले, "आता सुट्टीला लई पोरं येत्यात. मोबाइलवर आलंय म्हनं ह्ये. आता गुरं हितलं पानी पीत न्हाईत." मी त्यांना सांगितले नाही की मोबाइलवर ते कोणी आणले.

मी घरी आले, ती नोंद काढून टाकली, आणि संबंधित कार्यालयाला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. दुसरे पत्र लिहिले. मग अभ्यासात बुडून गेले, किंवा तशी सबब केली. रंग आपण स्वतः काढावा असे वाटत होते, पण ते अधिक घातक. रसायनांनी वा ब्रशने रंगासोबत दगडाचा थरही निघतो. ते काम संरक्षण-रसायनतज्ज्ञांचे. कायदा आहे, १९५८ चा. २०१० च्या सुधारणेनंतर संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण तो संरक्षित स्मारकापुरता. त्या पोढीशी फलकही नाही. आणि विद्रूप करणाऱ्यांना वाट दाखवणाऱ्यास कोणताच कायदा नाही.

हे सर्व मी नाणेघाटात आठवत होते. आम्ही घाटघरमध्ये एका घरी राहिलो होतो. अंगणात हिरडा वाळत पडला होता, जीवधन किल्ल्याची सावली संध्याकाळी थेट भातखाचरांवर येत होती. घरच्या मावशींनी जेवताना विचारले, "दोन दिस त्या राणीच्या खोलीत काय करताय गं पोरींनो?" लेण्याला त्या राणीची खोली म्हणत होत्या. मी लॅपटॉपवर चित्र दाखवले, ओळीवर बोट ठेवून नागनिकेच्या उपवासाचे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्यासारखीच की. आमचे पण उपासच चालतात." हसल्या. मग म्हणाल्या, "माझी सासू ह्याच घाटानं मीठ आणि सुकट डोक्यावर घेऊन यायची. तिनं कधी तिथं नाव नाय लिहिलं." थोड्या वेळाने त्यांनीच पुढे सांगितले की आताशा पावसाळ्यात उलट्या धबधब्यासाठी गर्दी लोटते, शनिवार-रविवारी घाटमाथ्यावर गाड्यांमुळे चालता येत नाही, सोमवारी गावातली मंडळी पोती घेऊन कचरा गोळा करतात. पण त्याच गर्दीत त्या पिठलं-भाकरी विकतात आणि मुलीची फी त्यातून भरतात. गर्दी येऊ नये असे त्यांना वाटत नाही. माणसांनी माणसासारखे यावे, एवढेच.

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. लपवून ठेवा, असे म्हणणे मला शोभत नाही. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. दाखवणे हेच माझे काम. लपवलेले लेणे सुरक्षित राहतेच असे नाही. ज्या जागेविषयी कोणालाच माहिती नाही तेथे खाण सुरू झाली तरी कोणाला कळत नाही.

आता त्या पोढीचे शेवटचे सांगते. गेल्या वर्षी माझ्या प्रबंधासाठी जुन्नर परिसरातील पाण्याच्या दानांचे लेख एकत्र करताना तो लेख माझ्यासमोर आला. जुन्या सूचीत वाचन आहे, पण दान देणाऱ्याच्या नावातील शेवटच्या दोन अक्षरांपुढे प्रश्नचिन्ह आहे. त्याचा छापील ठसा मला कोठेही मिळाला नाही. प्रत्यक्ष भिंतीवर ती दोन अक्षरे आता तैलरंगाखाली आहेत. सरांनी विचारले, "कोणाकडे जुना फोटो असेल का?"

होता. माझ्याकडेच होता. संध्याकाळच्या तिरप्या उन्हातला, बॅटरी संपण्यापूर्वीचा. मी तो मोठा करून पाहिला आणि दोन्ही अक्षरे स्पष्ट दिसली. आता मला ब्राह्मी वाचता येत होती. प्रश्नचिन्ह काढता येईल असे सर म्हणाले. खोलीत तेव्हा आम्ही दोघेच होतो. मी त्यांना सर्व सांगितले, अकरा हजार पसंतींसह. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "प्रबंधात फोटो द्या. खाली तारीख द्या. आणि हेही लिहा."

ज्या चित्रामुळे ती अक्षरे गेली, तेच आता त्या अक्षरांचा एकमेव पुरावा आहे. तळटीपेत मला माझेच नाव द्यावे लागणार आहे. त्या वेळी ज्यासाठी भांडले, ते असे मिळाले.

म्हणून ज्या तिघांनी दुवा मागितला त्यांना उत्तर. नाणेघाटाची चित्रे मी येथे ठिकाणासह देत आहे, कारण ते सर्वांना ठाऊक आहे, नोंदलेले आहे, संरक्षित आहे. आपण जावे, आणि जाताना बाजूने धरायला एक टॉर्च न्यावा. वर गेल्यावर घाटघरमध्ये जेवावे. पोढीचे चित्र, मोजमापे आणि ठिकाण मी विद्यापीठातील विभागाच्या संग्रहात जमा केले आहे. अभ्यासासाठी कोणाला हवे असल्यास तेथे अर्ज करावा, ते देतात. संबंधित कार्यालयाला तिसरे पत्र गेल्या सोमवारी पाठवले आहे, या वेळी विभागप्रमुखांच्या सहीने. उत्तर आले तर याच धाग्यात कळवीन.

चौथे छायाचित्र, म्हणजे रंगवलेल्या भिंतीचे, मी जोडलेले नाही. त्यात दोन नावे आणि तारीख स्पष्ट वाचता येते, आणि खाली टिप्पण्यांत काय सुरू होईल हे मला ठाऊक आहे. ती मुले तेव्हा माझ्याच वयाची असावीत.